गूळपापडीच्या सात वड्या: आरपीजीमधील साथीदाराची प्रेमकथा प्रथमच लिहिणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी पुण्यात कर्वेनगरमधील एका भाड्याच्या खोलीत आमच्या गेमची पहिली प्लेटेस्ट, म्हणजे अपुरा गेम लोकांना खेळायला देऊन केलेली चाचणी, झाली. खेळाडू एका काल्पनिक संस्थानाचा जासूद, घाटवाटांनी निघालेली पाच जणांची तुकडी, आणि त्या तुकडीत गोदा नावाची नालबंद, जिच्याशी खेळाडूचे प्रेम जुळू शकते, असा आमचा बेत होता. माझ्या एका मित्राने पहिल्याच मुक्कामावर गोदाला गूळपापडीची एक वडी दिली, तिची पसंती वाढलेली पाहिली, आणि मग शांतपणे एकामागून एक आणखी सहा वड्या दिल्या. सातव्या वडीला गोदाने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की ती त्याच्याशिवाय जगू शकत नाही. मित्राने माउस खाली ठेवला आणि तो म्हणाला, ‘‘हा भाव असेल तर मी उद्यापासून गूळपापडीचा कारखानाच काढतो.’’

सगळे हसले, मीही हसले. पण त्या रात्री घरी जाताना लक्षात आले की चूक गूळपापडीत नव्हती, गोदात होती. तिला स्वतःचे असे काही नव्हते, त्यामुळे नाही म्हणण्याचे कारणही नव्हते. पुढची दीड वर्षे मी तिला तीन वेळा नव्याने लिहिले. त्या खटाटोपात जे हाती आले ते येथे क्रमाने मांडत आहे, म्हणजे तुम्हाला निदान पहिले दोन खर्डे तरी वाचवता येतील. येथे आरपीजी म्हणजे खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो असा गेम (रोल-प्लेइंग गेम), आणि साथीदार म्हणजे खेळाडूच्या तुकडीत राहणारे, त्याच्याबरोबर लढणारे आणि मुक्कामावर त्याच्याशी बोलणारे पात्र, एवढाच अर्थ घ्यावा.

सुरुवातीला जवळ ठेवायच्या गोष्टी

यातील बहुतेक साधने मोफत आहेत, त्यामुळे पैशांअभावी अडून बसण्याचे कारण नाही.

- संवादाच्या फांद्या जुळवण्यासाठी ट्वाइन किंवा इंक. ट्वाइन ब्राउझरमध्ये चालते, फांद्या नकाशासारख्या दिसतात आणि देवनागरी विनातक्रार उमटते. इंकची लिखाणाची पद्धत नाटकाच्या संहितेजवळची आहे. लांब संवादांसाठी मला तेच सोयीचे वाटले.
- एक स्प्रेडशीट. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ. तो केव्हा उघडतो, कशामुळे बंद होतो आणि नंतर कोणाला आठवतो, असे तीन रकाने तरी हवेत.
- पात्राची दोन पानी टाचणवही. यात रूपवर्णन कमी आणि सवयी जास्त असाव्यात.
- मुख्य कथानकाचा आराखडा, निदान कोणता साथीदार कोणत्या मोहिमेत कोठे असेल एवढा. हा कागद हाती नसताना प्रेमकथा लिहायला घेऊ नये. मी घेतली होती, आणि गोदाचा सर्वांत हळवा प्रसंग अशा गावात लिहून बसले होते, जे कथानकात आधीच जळून गेलेले होते.
- संवाद मोठ्याने वाचून दाखवायला दोन माणसे. शक्यतो एक गेम खेळणारे आणि एक आयुष्यात कधीही न खेळलेले.

१. आधी माणूस लिहा, प्रेम मागून येऊ द्या

खेळाडू तुकडीत नसता तर हा साथीदार आज काय करत असता, या प्रश्नाचे उत्तर तीन वाक्यांत देता आले पाहिजे. माझ्या पहिल्या गोदापाशी याचे उत्तर नव्हते. ती मुक्कामावर शेकोटीजवळ उभी राहून खेळाडूची वाट पाहत असे. दुसऱ्या खर्ड्यात तिच्या वडिलांनी कर्जापायी भाता आणि ऐरण विकली आहे, ती ऐरण कोणत्या गावच्या लोहाराकडे आहे हे तिला ठाऊक आहे, आणि ती परत मिळवण्यासाठीच ती तुकडीबरोबर निघाली आहे, एवढे ठरले. एवढ्याने तिचे बोलणे बदलले, कारण आता तिला पैशांची निकड होती, उशिराची चीड होती, आणि जासूद वाट वाकडी करून कोणाच्या मदतीला धावला की तिच्या कपाळावर आठी पडण्याला कारण होते.

जुन्या गेममधील उदाहरण घ्यायचे तर २००० साली आलेल्या बाल्डर्स गेट २ मधील जाहीरा पाहावी. गेमच्या आरंभीच तिच्या नवऱ्याचा, खालिदचा, मृतदेह सापडतो. खेळाडूशी तिचे नाते पुढे जुळले तरी ते त्या दुःखाला आणि तिच्या अपराधी भावनेला वळसा घालून जुळत नाही, त्यातून वाट काढत जुळते. तिच्याशी बोलताना आपण कोणाच्या तरी आयुष्यात उशिरा आलो आहोत याची जाणीव राहते. नवख्या लेखकाने हीच जाणीव आधी साधावी.

टाचणवहीत पात्राचा धंदा नीट लिहावा. नालबंदी कशी चालते हे पाहण्यासाठी मी घोडे पाळणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे दोन सकाळी जाऊन बसले. जुना नाल काढणे, खूर तासणे, कानशीने सारखा करणे, नाल बसवून खिळे मारणे आणि बाहेर आलेली टोके मुरडणे, हा क्रम पाहिल्यावर गोदाच्या प्रेमाची खूण मला आपोआप सापडली: न सांगता ती जासुदाच्या घोड्याचे खूर तपासते. संवादात ती याबद्दल अवाक्षरही काढत नाही. खेळाडूला ते कळते, कारण घाटात इतरांचे घोडे लंगडतात आणि त्याचा लंगडत नाही.

२. नकारांची यादी करा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती, आणि आज मी इतरांना सर्वांत आधी हीच सांगते. कोऱ्या कागदावर पात्र कोणकोणत्या गोष्टींना नाही म्हणेल ते लिहावे, आणि प्रत्येक नकारापुढे तो कायमचा आहे, काही काळापुरता आहे की अटीवर आहे, हे नोंदवावे. गोदाच्या यादीत शेवटी नऊ नकार राहिले. त्यांपैकी दोन कायमचे होते: जनावराला मारणाऱ्या माणसाशी ती नाते ठेवणार नाही, आणि तिच्या वडिलांचे कर्ज कोणी परस्पर फेडले तर ती ते उपकार मानणार नाही. दुसरा नकार खेळाडूला फार चकवतो, कारण पैसे देऊन प्रश्न सोडवण्याची सवय त्याला गेमनेच लावलेली असते.

लैंगिक कलही या यादीत बसतो. प्रत्येक साथीदार प्रत्येक खेळाडूला उपलब्ध असावा की त्याचा स्वतःचा कल ठरलेला असावा, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. पहिल्यात खेळाडूला मोकळीक मिळते, दुसऱ्यात पात्राला धार येते. ड्रॅगन एज: इन्क्विझिशन या २०१४ मधील गेममध्ये कॅसँड्रा ही स्त्री साथीदार केवळ पुरुष नायकाशी आणि डोरियन हा पुरुष साथीदारही केवळ पुरुष नायकाशीच प्रेमसंबंध जोडतो. स्त्री नायिकेने कॅसँड्राशी लाडीगोडी केली तर ती अवघडते, मग स्पष्टपणे पण न दुखावता थांबवते, आणि त्यानंतर त्यांची मैत्री टिकते. तो नकार ज्या काळजीने लिहिला आहे, ती पाहण्यासाठी तरी तो प्रसंग खेळून पाहावा. आपल्या गेममध्ये काहीही ठरवा, पण जे ठरवाल ते पहिल्या खर्ड्यापूर्वी ठरवा, कारण नंतर बदलायचे झाल्यास निम्मे संवाद टाकून द्यावे लागतात.

३. गुणांचा हिशेब आणि प्रसंग यांची गल्लत करू नका

आरपीजीमध्ये साथीदाराची पसंती बहुधा एका आकड्यात साठवलेली असते. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) तो उणे १०० ते अधिक १०० असा होता, आणि भेटवस्तू देऊन तो वाढवता येत असे. स्टारड्यू व्हॅलीमध्ये (२०१६) तो हृदयांच्या रूपात दिसतो. आठ हृदये भरल्यावर गुच्छ देता येतो, दहा भरल्यावर लग्नाची मागणी घालता येते, आणि एका व्यक्तीला आठवड्यात दोनच भेटवस्तू चालतात. शेतीच्या निवांत गेममध्ये ही मोजणी शोभते, कारण तेथे सगळेच, अगदी कोबीसुद्धा, दिवस मोजून वाढते. परंतु ज्या गेममध्ये माणसे एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात तेथे नुसता आकडा पुरत नाही.

आकड्याचे काम इतकेच असावे की पुढचा प्रसंग उघडण्याची शक्यता त्याने निर्माण करावी. प्रसंग प्रत्यक्षात उघडण्यासाठी काहीतरी घडलेले असावे लागते. हे घडलेले नोंदवण्यासाठी स्वतंत्र खुणा, म्हणजे प्रोग्रॅमर ज्यांना फ्लॅग म्हणतात त्या, ठेवाव्यात. गोदाचा तिसरा प्रसंग उघडण्यासाठी आता पसंतीचा आकडा साधारण बरा असला तरी चालतो, पण जासुदाने घाटातील लंगडा घोडा मागे सोडलेला नसावा, आणि ऐरणीची गोष्ट त्याने तिच्याच तोंडून ऐकलेली असावी, दुसऱ्या साथीदाराकडून नव्हे. गूळपापडी अजूनही आहे. पहिल्या वडीला ती खूश होते, दुसरीला आभार मानते, आणि तिसरीला विचारते, ‘‘काय काम आहे?’’

उंबरठे, म्हणजे आकडा कितीवर गेला की प्रसंग उघडायचा, कोठे ठेवायचे याचा अंदाज मोठमोठ्या स्टुडिओंचाही चुकतो. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला तेव्हा पसंतीचे उंबरठे चुकून फार खाली राहिले होते, आणि गेल हा जादूगार साथीदार जरा चांगले बोलताच अंगचटीला येतो अशी खेळाडूंची तक्रार होती. ती चूकच होती असे हा गेम करणाऱ्या लॅरियन स्टुडिओच्या प्रमुखांनी नंतर सांगितले आणि ती दुरुस्त झाली. यावरून घ्यायचा व्यावहारिक धडा असा की उंबरठ्यांचे आकडे संवादाच्या फाइलमध्ये जागोजागी लिहू नयेत. एका ठिकाणी नाव देऊन ठेवावेत, म्हणजे प्लेटेस्टनंतर एकाच जागी बदल पुरतो. मी ते अठरा ठिकाणी लिहिले होते आणि त्यांतील एक बदलायचे विसरले. ती एक जागा कोणती, हे वेगळे सांगायला नको.

पसंती एकाच रेघेवर मोजावी असेही नाही. ड्रॅगन एज २ मध्ये (२०११) मैत्री आणि स्पर्धा अशी दोन टोके होती, आणि साथीदाराशी सतत मतभेद असूनही प्रेम जुळू शकत असे. मला ही मांडणी फार आवडते, कारण आपल्याकडच्या कित्येक सुखी संसारांचे वर्णन दुसऱ्या टोकानेच करावे लागेल.

४. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यायचे ते ठरवा

येथे मराठीत लिहिणाऱ्याला असे एक साधन मिळते, जे इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही, आणि त्याची किंमतही मोजावी लागते.

साधन असे की अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणे हाच मराठीत एक पूर्ण प्रसंग असतो. गोदा जासुदाला पहिले दोन अंक ‘तुम्ही’ म्हणते, कारण तो दरबारचा माणूस आहे. नदीच्या पुरात दोर निसटतो तेव्हा ती ओरडते, ‘‘सोड! हात दे इकडे!’’ आणि काठावर आल्यावर पुन्हा ‘तुम्ही’वर जाते. खेळाडूने ते टिपले असेल तर पुढच्या मुक्कामावर ‘मघाशी तू म्हणालीस ते चाललं असतं’ असा पर्याय त्याच्यासमोर येतो. प्लेटेस्टमध्ये या एका वाक्यावर लोक जेवढे थांबले तेवढे माझ्या लांबलचक प्रेमकबुलीवर कधी थांबले नाहीत. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मराठीत चुकीचे नाही, पण प्रत्यक्षात फार कमी माणसे ते तसे उच्चारतात. ‘पोचल्यावर निरोप धाड’, ‘थंडी आहे, घोंगडी घेऊन जा’ अशी वाक्ये तेच काम करतात. गोदा तर निरोप घेताना ‘जाते’ असे कधीच म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. आणि ज्या एका शेवटात ती ‘जाते’ म्हणते, तेथे त्याहून अधिक काही लिहिण्याची गरज मला वाटली नाही.

आता किंमत. खेळाडू पुरुष असेल की स्त्री हे तुम्हाला ठाऊक नसते, आणि मराठी क्रियापद ते उघड करते. ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालते. ‘तू’ म्हणताच ‘आलास’ आणि ‘आलीस’ अशा दोन ओळी लिहाव्या लागतात. म्हणजे नाते जवळ आले की काम दुप्पट होते, आणि आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर खर्चही. यावर काही उपाय आहेत.

भूतकाळातील सकर्मक क्रियापदे कर्त्याचे लिंग दाखवत नाहीत: ‘मी वाट पाहिली’, ‘तू ऐकलंस’, ‘तू दार उघडलंस’. भविष्यकाळही बहुधा सुरक्षित असतो: ‘मी थांबेन’, ‘तू येशील’. ‘मला थांबायचं आहे’, ‘तुला उशीर झाला’ अशी रचनाही सोयीची. मात्र बोलणे, विसरणे, शिकणे, जेवणे, पिणे ही क्रियापदे दगा देतात, कारण त्यांचा भूतकाळ कर्त्याप्रमाणे चालतो: ‘मी विसरलो’ किंवा ‘मी विसरले’. प्रेमाच्या संवादांत विसरणे आणि बोलणे यांचाच सुळसुळाट असतो, हे वेगळे दुर्दैव. विशेषणांवरही नजर ठेवावी. ‘शहाणा आहेस’ म्हटले की फांदी फुटली.

म्हणून मी असा नियम केला की साध्या ओळी लिंगनिरपेक्ष लिहायच्या, आणि जेथे ‘आलास’ किंवा ‘आलीस’ यातला ओलावा खरोखर हवा आहे अशा दहा-बारा ओळींसाठी मात्र दोन्ही रूपे लिहायची. सगळेच टाळू गेले तर भाषा सरकारी पत्रासारखी होते. खेळाडूने स्वतः टाइप केलेल्या नावाला प्रत्यय जोडण्याचा मोहही आवरावा. नाव काय येईल हे आपल्या हाती नसते, आणि त्याचे सामान्यरूप कोणत्याही प्रोग्रॅमला बिनचूक जमत नाही. नाव नेहमी सुटे, हाकेच्या जागी ठेवावे.

संवाद कोठून शिकावेत असे मला विचारले जाते. संध्याकाळी झेड ब्रिजवरून चालत गेलात तर तेथे बसलेल्या जोडप्यांचे बोलणे ओझरते कानावर पडते. कोणाचे बोलणे मुद्दाम कान देऊन ऐकू नये, पण जे पडते त्यात चंद्र-तारे नसतात. सबमिशन, मेसचा डबा, गाडीचे पंक्चर आणि घरी काय सांगायचे हे असते. त्यांच्यातील जिव्हाळा त्या पंक्चरच्या गोष्टीतही ऐकू येतो.

५. प्रसंगांची शिडी आखा आणि पायऱ्यांमध्ये अंतर ठेवा

गोदासाठी शेवटी अकरा प्रसंग उरले, आणि त्यांपैकी केवळ चारांत प्रेमाचा उघड उल्लेख आहे. उरलेले सात काम, भांडण, विनोद आणि ऐरणीचे आहेत. दोन प्रसंगांच्या मध्ये निदान एक मोहीम किंवा एक मुक्काम जाऊ द्यावा. निव्वळ घड्याळावर विसंबले तर काय होते हेही बाल्डर्स गेट २ मध्ये दिसते: तेथील प्रेमसंवाद ठराविक वेळ गेल्यावर साथीदार स्वतःहून सुरू करत असे, त्यामुळे पुष्कळदा ते अनपेक्षित आणि सुंदर वाटत, पण कधी भलत्याच ठिकाणी, भुयाराच्या तोंडाशीही सुरू होत. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. काही प्रसंग साथीदाराने सुरू करावेत, दरवेळी खेळाडूने जाऊन बोलायला लावू नये. आणि प्रत्येक प्रसंगाला ‘येथे नको’ अशा जागांची यादी जोडावी.

तुकडीतील इतर माणसे आंधळी नसतात. चालता चालता दोन साथीदार आपसात जे बोलतात, ज्याला गेमवाले बँटर म्हणतात, त्यात या नात्याची चाहूल यावी. आमच्या तुकडीतील म्हातारा तोफची गोदाला विचारतो, ‘‘त्याच्या घोड्याला नवे खिळे, आणि माझ्याला जुनेच का गं?’’ एवढ्या एका ओळीला फार थोडे कष्ट पडतात, आणि ते नाते तिऱ्हाइताने पाहिलेले आहे म्हणून खरे वाटते.

६. खेळाडूच्या उत्तरांत काय दडले आहे ते स्पष्ट ठेवा

नवख्यांकडून सर्वाधिक घडणारी चूक येथे आहे. खेळाडू सौजन्याने काही बोलतो, आणि गेम ते प्रेमाची सुरुवात समजतो. त्याला कळते तेव्हा साथीदार त्याच्या गळ्यात पडलेला असतो, आणि मैत्रीकडे परतण्याची वाट बंद झालेली असते. काही गेममध्ये अशा पर्यायापुढे बदामाचे चिन्ह दाखवतात. ते भाबडे वाटले तरी फसवणुकीपेक्षा बरे. चिन्ह नको असेल तर पर्यायाचे शब्दच इतके नेमके असावेत की शंका राहू नये.

प्रत्येक प्रेमप्रसंगात निदान तीन वाटा लिहाव्यात: पुढे जाणारी, थांबणारी आणि मैत्रीकडे वळणारी. मैत्रीची वाट ही उरलेल्या शिळ्या संवादांची नसावी. गोदाच्या मैत्रीच्या वाटेवर ऐरण सापडल्यानंतरचा प्रसंग प्रेमाच्या वाटेपेक्षा लांब आहे, कारण तेथे ती मोकळेपणाने रडू शकते. हे लिहिल्यावर मला स्वतःलाच नवल वाटले, पण मी ते बदलले नाही.

तिलाही खेळाडूला थांबवता आले पाहिजे. दुसऱ्या पायरीतील नकार येथे संवादात उतरतात. नकाराचे वाक्य लिहिताना दोन कसोट्या लावाव्यात: ते पात्राच्या तोंडी शोभते का, आणि खेळाडूने मागे जे केले त्याची त्यात आठवण आहे का. ‘‘आपलं जमणार नाही’’ हे कोणीही म्हणेल. ‘‘खिंडीत तुम्ही त्या शिंगरूला चाबूक मारलात, तेव्हाच मी ठरवलं’’ हे गोदाच म्हणेल.

७. नाते कथानकावर आदळू द्या

मुक्कामावरची प्रेमकथा आणि बाहेरचे युद्ध यांची गाठच पडत नसेल, तर खेळाडूला ते जेवणानंतरच्या सुपारीसारखे वाटते. ओरिजिन्समधील अ‍ॅलिस्टर राजा झाला आणि नायिका मानवी उमराव घराण्यातील नसेल, तर तो बहुधा राज्याच्या जबाबदारीचे कारण देऊन नाते तोडतो. खेळाडूनेच त्याला सिंहासनावर बसवलेले असते, म्हणून ते लागते. बाल्डर्स गेट ३ मधील कार्लाक हिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातील यंत्र आहे, आणि त्याच्या उष्णतेमुळे तिला कोणाला स्पर्श करता येत नाही. ते लोहाराकडून दुरुस्त करून घेईपर्यंत एक साधी मिठीही अशक्य असते. अडथळा जगाच्या नियमांतून आलेला आहे, लेखकाने ऐनवेळी आणून ठेवलेला नाही. त्याच गेममधील अ‍ॅस्टेरियन आरंभी जी जवळीक करतो ती स्वतःच्या बचावासाठी केलेली फसवणूक असते, आणि ते तो पुढे कबूल करतो. ती कबुली त्याच्या भूतकाळातील छळाला जोडलेली असल्याने आधीचे सगळे गोड बोलणे मागे वळून वेगळे दिसू लागते.

आमच्याकडे ऐरण ज्या लोहाराकडे आहे तो शत्रुपक्षाला नाल पुरवतो. जासुदाने आपले काम चोख केले तर ते गाव लुटले जाते. याहून मोठा अडथळा मी शोधत बसले नाही.

दोघांशी एकाच वेळी प्रेम करू पाहणाऱ्या खेळाडूचा विचारही येथेच करावा. द विचर ३ मध्ये (२०१५) ट्रिस आणि येनेफर दोघींनाही शब्द देणाऱ्या नायकाची, गेराल्टची, दोघी मिळून जी फजिती करतात, ती प्रसिद्ध आहे. तुम्हाला विनोद नको असेल तर साधे भांडणही चालेल, पण गेमला काही कळलेच नाही असे मात्र होऊ देऊ नये.

८. शरीरसंबंध, वय आणि अधिकार

थोडक्यात सांगते. प्रेमकथेतील सर्व पात्रे निःसंशय प्रौढ असावीत, आणि ते संवादातून व चित्रातून दोन्हींतून दिसावे. जासूद गोदाचा मालक नाही, तो तिला पगार देत नाही, हे मी तिसऱ्या खर्ड्यात मुद्दाम लिहिले, कारण आधी तो देत होता आणि तिच्या होकाराला त्यामुळे काही अर्थ उरत नव्हता. शृंगाराचा प्रसंग दाखवावा की दिवा मालवावा हे तुमच्या गेमच्या प्रकृतीवर आहे; दिवा मालवला तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र लिहावी. बहुतेक जण ती विसरतात, आणि रात्री एकत्र आलेली माणसे सकाळी तलवारीच्या भावाबद्दल पूर्वीसारखीच बोलू लागतात.

९. मोठ्याने वाचा, मग खेळायला द्या

संहिता कागदावर छापून मी आणि एक मैत्रीण वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला नेऊन वाचत असू. पात्रे वाटून घ्यावीत आणि प्रेमाचे प्रसंग तिऱ्हाइताच्या कानावर पडले तर लाज वाटेल का, हे पाहावे. लाज वाटली तर बहुधा वाक्य खोटे आहे. (वाक्य खरे असूनही लाज वाटू शकते, पण तसे फार वेळा घडत नाही, आणि तो फरक तेथल्या तेथे कळतो.)

मराठी अक्षरांची तांत्रिक तपासणी याच टप्प्यावर करावी, शेवटच्या आठवड्यात नव्हे. गेम बनवण्याच्या साधनांपैकी गोडो ४ आणि रेन'पायच्या अलीकडच्या आवृत्त्या जोडाक्षरे नीट जुळवतात. युनिटी या तशाच साधनातील मजकूर दाखवणारे टेक्स्टमेशप्रो मात्र मुळात देवनागरीची जुळणी करत नाही, त्यामुळे वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे फुटतात. आमच्या पहिल्या प्लेटेस्टमध्ये ‘प्रिय’ असा फुटला होता की वाचणाऱ्याला ती शिवी वाटली. व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आकडे आणि खुणा ज्यांत साठवतात त्यांची, नावे रोमन अक्षरांत ठेवावीत आणि संवाद देवनागरीत, म्हणजे साधनांचा गोंधळ टळतो.

प्लेटेस्टला बसलेल्या माणसाला ‘प्रेमकथा आवडली का?’ असे विचारू नये. तो शिष्टाचाराने होच म्हणतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: तिला काय हवे होते, तिने तुम्हाला कशासाठी अडवले, आणि कोणत्या ठिकाणी तुम्ही दोन पर्यायांमध्ये थांबलात. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आले नाही तर पहिल्या दोन पायऱ्यांकडे परत जावे. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखादी जागा तीन जणांनी सांगितली तर तिला हात लावू नये.

गूळपापडीवाल्या मित्राला मी तिसरा खर्डा मुद्दाम शेवटी दिला. त्याने सवयीने दोन वड्या दिल्या, तिसरीला ‘‘काय काम आहे?’’ ऐकून थोडा वरमला, खिंडीत घाईघाईने शिंगराला चाबूक मारला आणि दोन मुक्कामांनंतर नकार ऐकला. मग त्याने जुना सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला खेळ, शोधायला सुरुवात केली. तो सहा तास मागचा होता. मी त्याच्या नावापुढच्या रकान्यात वेळ टिपली, कारण तेवढा मागे जाऊन तो पुन्हा खेळायला बसला होता, आणि या वेळी खिंडीत घोड्यावरून उतरून पायी चालत होता.